ही ‘पारंपरिक’ कुठल्या गावची?

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहायचे ते नोकरीतून निवृत्त झालेल्या, पोराबाळांची लग्नं उरकलेल्या माणसांनी. मी अजून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि इंग्रजीचा मागचा एक पेपर राहिलेला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं दाखवून घ्यावं असंही घरी कुणी नाही. संपादकांना मी हे सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, “तू अध्यक्ष आहेस ना? मग अध्यक्षाच्या नात्यानं लिही.” मी अध्यक्ष आहे हे खरं आहे, त्याला माझा इलाज नाही. कसा झालो तेवढं आधी सांगतो, म्हणजे हा पोरगा स्वतःला फार शहाणा समजतो असं कुणाला वाटणार नाही.

सोलापुरात साखर पेठेत एका अरुंद जिन्याच्या वरच्या टोकाला आमचं गीतहक्क मंडळ आहे. खाली नरसय्या अण्णांचं दुकान. पूर्वी तिथं कॅसेटी मिळायच्या, आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण अण्णांची गाण्यांची कंपनी अजून चालू आहे. कॅसेटच्या जागी यूट्यूबचं चॅनल आलं, एवढाच फरक. मंडळात दोन प्रकारचे सभासद आहेत. एक गाणी लिहिणारे: देवाची, लग्नाची, जयंतीची, निवडणुकीची. दुसरे ती गाणी प्रकाशित करणारे, म्हणजे अण्णांसारखे. बाहेरच्या कुणी यांच्या गाण्यावर डल्ला मारला तर दोघांच्या वतीनं भांडायचं, हे मंडळाचं काम. बाहेरचं कुणी नसलं की हे दोघं एकमेकांशी भांडतात. तेही मंडळातच.

मी तिथं कॉलेज सुटल्यावर अर्धवेळ कामाला लागलो. फोन घ्यायचा, मेल पाठवायचे, सभा असली की चहा सांगायचा. आमचं गाव सांगोल्याकडं, घरी मेंढरं. दादांना, म्हणजे वडिलांना, फोनवर नोकरी लागल्याचं सांगितलं तर ते म्हणाले, “काम काय असतंय?”

“गाण्यांची राखण.”

“मेंढरं राखल्यागत?”

“तसंच म्हणा.”

“मग जमंल तुला,” दादा म्हणाले, आणि जरा थांबून, “पर गाणं रानात पांगलं तर वळवायचं कसं रं?”

बाहेरच्या माणसाला काम समजावताना मी चादरीचं उदाहरण देतो. सोलापुरात ते लगेच पटतं. चादरीची नक्षी कुणीतरी कागदावर काढलेली असते, दुसरा कुणी ती मागावर उतरवतो आणि कारखानदार ती बाजारात आणतो. गाण्याचंही तसंच आहे. शब्द एकाचे, चाल एकाची, आणि ते गाऊन घेऊन, मुद्रित करून लोकांपर्यंत नेणारा तिसरा. तिघांचे हक्क वेगवेगळे. तुम्ही चादर विकत घेतलीत की ती तुमची झाली. पांघरा, नाहीतर जीपच्या टपावर टाका. पण तीच नक्षी उतरवून तुम्ही चादरी विणून विकायला लागलात, तर नक्षी काढणारा तुमच्या दारात येणार. गाणं गुणगुणायला कुणाची परवानगी लागत नाही. ते बाजारात न्यायला लागते. आणि सगळ्यात आधी, ज्याचं गाणं आहे त्याचं नाव लावावं लागतं. हे शेवटचं वाक्य मी फार सहज लिहिलं, पण मंडळाचं निम्मं आयुष्य त्यातच जातं.

आता अध्यक्षपदाचं. आधीचे अध्यक्ष मुलाकडं राहायला गेले आणि नवा निवडायची सभा भरली. लेखकांनी शाहीर बापूंचं नाव पुढं केलं, प्रकाशकांनी नरसय्या अण्णांचं.

“प्रकाशकच अध्यक्ष झाला तर आम्ही कुणापुढं रडायचं?” बापू उभे राहून गरजले. बापू साधं पाणी मागतात तेही पोवाड्याच्या आवाजात.

“आणि लेखक झाला तर दर महिन्याला त्याचाच सत्कार ठेवायचा,” अण्णा बसूनच म्हणाले. अण्णांच्या घरी तेलुगू बोलतात, पण टोमणा मारायला त्यांना मराठीच लागते. “बापू, तुमचं एक तरी प्रचारगीत सांगा, जे तुम्ही एकाच उमेदवाराला दिलं.”

हे खरं होतं. बापूंनी एका निवडणुकीत चिन्ह तेवढं बदलून एकच गाणं समोरासमोरच्या दोन्ही उमेदवारांना दिलं होतं. प्रचाराच्या दोन्ही रिक्षा एका चौकात भेटल्या, तेव्हा लोकांना वाटलं युती झाली.

“दोघंही खूश होते की! तुझ्या पोटात का दुखतंय?”

असं बराच वेळ चाललं. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं की, ज्याचं स्वतःचं गाणंही नाही आणि कंपनीही नाही असा माणूस अध्यक्ष करा. सगळे इकडंतिकडं बघायला लागले. मी चहाचे पेले गोळा करत होतो.

“बिरू,” बापूंनी माझ्याकडं रोखून बघितलं, “तू कविता करतोस का रं?”

“नाही बापू.”

“खरं सांग. कॉलेजची पोरं लपूनछपून करतात.”

“नाही हो, आईशप्पथ.”

“चॅनल?” अण्णांनी विचारलं.

“फोनमध्ये जागाच नाही अण्णा.”

झालं. टाळ्या वाजल्या. तात्पुरता म्हणून मला बसवलं आणि ते तात्पुरतं अजून संपलेलं नाही. अण्णांनी एक अट घातली, की अध्यक्ष असेपर्यंत कविता करायची नाही. ही अट वाटते तितकी सोपी नाही. वर्गात पुढच्या बाकावर कोण बसतं यावरही ते अवलंबून असतं. याहून जास्त इथं लिहीत नाही.

खुर्चीवर बसलो आणि माणसं यायला लागली. पहिलेच आले ते एक निवृत्त गुरुजी. त्यांनी त्यांच्या गावच्या घंटागाडीसाठी ओला कचरा, सुका कचरा वेगळा करा असं गाणं लिहून दिलं होतं.

“माझं नाव काढून टाका,” गुरुजी म्हणाले.

“गुरुजी, लोक इथं नाव लावून घ्यायला येतात.”

“लोकांनी कचऱ्याचं गाणं लिहिलेलं नसतं! रोज सकाळी गाडी दारात येते, आणि गाण्याच्या शेवटी माझं नाव. पूर्ण, वडिलांच्या नावासकट! परवा सूनबाई आतून ओरडली, मामा, तुमची गाडी आली!”

आम्ही गावच्या कारभाऱ्यांना कळवलं, त्यांनी नाव काढलं. महिना झाला नसेल, गुरुजी पुन्हा जिना चढून आले. घाम पुसत म्हणाले, “नाव परत लावा. आमच्या गल्लीतला तो दुसरा कवी सांगत फिरतोय की गाणं त्याचं आहे.” शेवटी वडिलांचं नाव गाळून, फक्त गुरुजींचं ठेवायचं असं ठरलं. त्यांच्या वडिलांची सुटका झाली.

मग करकंबचे एक बँडमास्तर आले. लग्नसराई तोंडावर होती आणि त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आता वरातीत सिनेमाचं गाणं वाजवलं की पोलीस धरतात. बिचारे लाल कोट घालूनच आले होते, बरोबर दोन वाजवणारे. मी त्यांना सांगितलं की लग्नाला आणि वरातीला कायद्यानं सवलत दिलेली आहे, तुम्ही खुशाल वाजवा. त्यांचा विश्वास बसेना. पुस्तक काढून वाचून दाखवलं, तेव्हा त्यांचा चेहरा असा काही खुलला की ते उठले, जिन्यात गेले आणि पिपाणी तोंडाला लावली. साथीदारांनीही सुरू केलं. खाली गल्लीत गर्दी जमली. मंडळात कुणाचं लग्न आहे, असं विचारत चार बायका वर आल्या. अण्णा त्या दिवशी एवढंच म्हणाले, “अध्यक्ष, सवलत नीट हळू आवाजात सांगत जा.”

सगळीच प्रकरणं अशी हसत संपत नाहीत. काहींत नाव लागलं तेव्हा ते ऐकायला ज्याचं गाणं तो माणूस उरला नव्हता. त्यांच्या घरी जाऊन ही बातमी सांगणं फार अवघड असतं. घरचे चहा देतात आणि बरं झालं म्हणतात. म्हणूनच ज्या प्रकरणाबद्दल मला खरं लिहायचं आहे, ते माझ्या जिवाला लागलं.

या पावसाळ्यात शेवंताबाई आल्या. मंद्रूपच्या पलीकडं एका लहान गावात राहतात, सत्तरीच्या आसपासच्या. जिना चढून आल्या, दम खाल्ला आणि खोलीत नजर फिरवली.

“अध्यक्ष कुटं हाईत?”

“मीच आहे, मावशी.”

“तू न्हवं. मोठं कोन हाय?”

“मोठं कुणी नाही.”

“बरं, मग तुलाच सांगते. बस.”

माझ्याच ऑफिसात त्यांनी मला बसायला सांगितलं आणि मी बसलो.

आमच्या जिल्ह्यात हळदीला एक गाणं म्हणतात. व्याह्याची चेष्टा करायचं. तुम्ही इकडचे असाल तर तुम्हाला येतच असेल:

व्याही आला व्याही आला, कशात बसून आला?
टेम्पोमंदी उभा ऱ्हाऊन, धुरळा खाऊन आला!

मी लहानपणापासून हे ऐकतो. हे कुणी केलं असेल असा प्रश्न मला कधी पडला नाही, आणि आता मी अध्यक्ष आहे म्हणून याची जास्तच लाज वाटते. तर मुंबईच्या एका कंपनीनं हे गाणं सिनेमासाठी नव्यानं मुद्रित केलं होतं. त्याचा एक तुकडा सगळ्यांच्या फोनवर आला होता. खाली लिहिलं होतं, गीत: पारंपरिक. शेजारच्या मुलीनं ते शेवंताबाईंना वाचून दाखवलं.

“ही पारंपरिक कोन?” शेवंताबाईंनी मला विचारलं. “कुटल्या गावची? कुनाची सून?”

“मावशी, पारंपरिक म्हणजे फार जुनं, कुणी केलं ते माहीत नाही असं...”

“म्हाईत हाय मला! तेवडं कळतंय. पर मी जित्ती हाय की अजून. मी मेल्यावर म्हना पारंपरिक.”

मी वही पुढं ओढली आणि विचारलं की तुम्हाला नेमकं काय हवंय. पैशाचं काय ते तुम्ही बघा, असं त्यांनी हातानंच झटकून टाकलं.

“नाव पायजे. आन लिवलेलं दावू नका, मला वाचाय येत न्हाय. रेडिओवर ती बाई सांगती की न्हाय, गाणं कुनी केलं, कुनी म्हटलं? तसं ऐकायचं हाय. माज्या कानानं. जित्तेपनी.”

मी कंपनीला मेल पाठवला. तिकडून एका मॅडमचा फोन आला. चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, पूर्ण गाणं अजून यायचं आहे, तोवर नाव दुरुस्त करता येईल. पण गाणं शेवंताबाईंचंच आहे याची खात्री हवी. त्यांना पूर्ण गाणं म्हणायला सांगा आणि व्हिडिओ पाठवा. “आणि एक,” मॅडम म्हणाल्या, “दुसरा कुणी दावेदार नको. दोघांचा वाद असेल तर आम्ही त्यात पडत नाही. मग पारंपरिकच राहील.”

फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी दुसरा दावेदार उगवला.

“ती थोरली तुमच्याकडं येऊन गेली म्हनं,” फोनवर एक खणखणीत आवाज. “मी इंदूबाई. धाकटी जाऊ. गाणं माजं हाय. लिवून घ्या.”

मी गावाला गेलो. एसटीतून उतरल्यावर पारावरच मला सगळी हकिगत मिळाली. या दोघी सख्ख्या जावा. घर एकच होतं, त्याची वाटणी होऊन मधे भिंत आली, तरी दोघींचं चांगलं होतं. एका उन्हाळ्यात शेवंताबाईंनी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या आणि इंदूबाईंच्या शेळीनं त्या खाल्ल्या. शेवंताबाई शेळीला बोलल्या. ते इंदूबाईंना लागलं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. “ती शेळी कवाच गेली,” सांगणारा म्हणाला, “तिच्या नाती आता दूध देत्यात, तरी ह्या गप्पच.”

आधी इंदूबाईंकडं गेलो. त्यांनी फोनच्या कॅमेऱ्यासमोर पदर नीट केला आणि सुरुवात केली, “टेम्पोमंदी उभा ऱ्हाऊन, धुरळा खाऊन आला!” मग थांबल्या. गुडघ्यावर हातानं ठेका चालूच. जरा वेळानं पुढची ओळ, “शेजारनीच्या पेटीतनं, इस्त्री करून आनली!” पुन्हा थांबल्या.

“मावशी, मधलं?”

“मधलं काय? ते ती म्हनायची. विहीनबाईनं नेसायला गं, साडी कुनाची आनली? असलं. इचारायला काय अक्कल लागती व्हय? उत्तर द्याला लागती.”

मग बाहेर पडून भिंतीला वळसा घालून शेवंताबाईंकडं. त्यांनी फक्त प्रश्न म्हटले. प्रत्येक प्रश्नानंतर थांबायच्या, ठेका धरून. उत्तरांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “सवालच टाकला न्हाय तर ती उत्तर कशाचं देनार? आकाशाचं?”

आमच्याकडच्या हळदीची ही रीत आहे. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती झेलायची, तिथल्या तिथं, ठेका न चुकवता. झेलता आली नाही की मांडवभर हशा. मनासारखी झेलणारी मिळाली की टाकणारी तिला सोडत नाही. या दोघींना आजूबाजूच्या गावांतून मुद्दाम बोलावणं यायचं. लग्नं होत गेली, ओळी ठरत गेल्या, आणि गाणं लोकांचं झालं.

मी दोन्ही व्हिडिओ पाठवले. मॅडमचा फोन आला. “अहो, पूर्ण गाणं तर दोघींनाही येत नाही. मग हे त्यांचं कसं?”

मी त्यांना टाकणं आणि झेलणं समजावून सांगितलं. इंग्रजीत एक वाक्य बोलायचं ठरवलं होतं, ते विसरलो, आणि बरंच झालं. दोघांनी मिळून केलेलं आणि वेगळं काढता न येणारं काम दोघांचं असतं, हे कायद्यातही आहे. मॅडमना ते पटलं. म्हणाल्या, “मग एकच व्हिडिओ पाठवा. दोघी मिळून म्हणताना, आणि दोघींची संमती. या आठवड्यात. नंतर माझ्या हातात काही नाही.”

सभेत मी हे सांगितलं.

“दोन जावांना एका जागी बसवायचं?” बापू म्हणाले. “त्यापेक्षा दिल्लीला जाऊन कायदा बदलून आणू.”

अण्णांनी व्यवहाराचं सांगितलं. दोघींना वेगवेगळं भेटायचं, शेवंताबाईंना सांगायचं गाणं तुमच्या एकटीच्या नावावर लागतंय, इंदूबाईंनाही तेच सांगायचं, अंगठे घ्यायचे आणि दोघींचे व्हिडिओ जोडून एक करायचा. नाव लागलं की दोघीही खूश.

अण्णांचा हेतू चांगला होता. ते माझ्या आजोबांच्या वयाचे, आणि मी त्यांच्याच छपराखाली बसतो. तरी मी म्हणालो, “अण्णा, मला ते बरोबर वाटत नाही.” माझा आवाज इतका बारीक आला की पुन्हा म्हणावं लागलं. अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “बरं. अध्यक्ष तू आहेस.” त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आहे बहुतेक.

दुसऱ्या दिवशी बापूंना घेऊन पुन्हा गावाला गेलो. शेवंताबाई मागच्या परड्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मधे पुरुषभर उंचीची भिंत, पलीकडं इंदूबाईंचं परडं. शेळीचं ओरडणं ऐकू येत होतं. मी सगळं समजावून सांगितलं.

“तिच्याशेजारी मी बसनार न्हाय,” शेवंताबाई म्हणाल्या. “आदी तिला म्हनावं कुरडयांचं बोल.”

भिंतीपलीकडून आवाज आला, “अध्यक्ष, तिला सांगा, शेळीला काय कळतंय? कुरडया उगड्या कुनी टाकल्या हुत्या?”

“अध्यक्ष, तिला सांग, वाळवन झाकून वाळत न्हाय!”

“तिला सांगा, मग राखनीला बसायचं!”

दोघींना एकमेकींचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी प्रत्येक वाक्य माझ्या नावानं यायचं, आणि मी दोन्हीकडं मान हलवत मधे उभा. बापूंनी थोडा वेळ ऐकलं, मग चहाची बशी घेऊन कोपऱ्यात बसले. मला म्हणाले, “बिरू, चल आता. एसटी चुकेल.”

मेंढरू अडलं की दादा त्याच्यामागं लागत नाहीत, नुसते बाजूला बसून राहतात. मी शेंगांच्या ढिगापाशी खाली बसलो. म्हणालो, “मावशी, तुम्ही नका जाऊ तिकडं. पण मी हे गाणं तुकड्यातुकड्यानंच ऐकलंय. एकदा करणाऱ्याच्या तोंडून ऐकू दे, मग आम्ही जातो.”

शेवंताबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. घसा साफ केला.

“व्याही आला व्याही आला, कशात बसून आला?”

आणि थांबल्या. नेहमीसारख्या. हात मांडीवर ठेका धरत होता. पलीकडं शेळीही गप्प झाली होती. मी शेवंताबाईंकडं बघत होतो, पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, भिंतीकडं बघत होत्या. त्यांनी तीच ओळ पुन्हा टाकली, या खेपेला मोठ्यानं.

“व्याही आला व्याही आला, कशात बसून आला?”

अधांतरी राहिलेली ओळ पलीकडच्या बाईला किती जड होत असेल, ते मला तिथं बसूनसुद्धा कळत होतं. ठेका एक आवर्तन पुढं गेला. आणि भिंतीवरून दगड यावा तसं उत्तर आलं.

“टेम्पोमंदी उभा ऱ्हाऊन, धुरळा खाऊन आला!”

बापूंनी बशी खाली ठेवली. मी फोन सुरू केला. विहीणबाईची साडी झाली, नवरदेवाच्या मामाचा रिकामा डबा झाला, मला माहीत नसलेली कडवी आली. एकीची ओळ संपायच्या आत दुसरीची सुरू होत होती. बापू न राहवून “वा!” म्हणून ओरडले, तेही व्हिडिओत आहे. आणि सगळं संपलं असं वाटलं तेव्हा शेवंताबाईंनी डोळे बारीक करून एक नवीच ओळ टाकली:

“धाकटीच्या गं शेळीनं, बाजंवरचं काय नेलं?”

पलीकडून ठेकासुद्धा चुकला नाही:

“कुरडयांचं नाव झालं, बोलनं आमचं चरून नेलं!”

शेवंताबाई हसायला लागल्या. हसता हसता शेंगांचं सूप कलंडलं, टरफलं माझ्या अंगावर. पलीकडून इंदूबाईंचं हसणं ऐकू येत होतं. मग ते हसणं भिंतीला वळसा घालत, बोळातून, पुढच्या दारानं आत आलं. दोघी समोरासमोर आल्या तेव्हा कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही. इंदूबाई इकडंतिकडं बघून एवढंच म्हणाल्या, “परडं झाडत न्हाईस व्हय गं?” आणि शेवंताबाईंनी बसायला पोतं सरकवलं.

अंगठे घेताना मात्र पुन्हा अडलं. नाव आधी कुणाचं? दोघीही आपलंच म्हणाल्या. कुरडयांवरून सुटलेलं भांडण इथं नव्यानं लागायची चिन्हं दिसली. मी घाबरून म्हणालो की ते कंपनी ठरवेल, दोघींचे अंगठे उमटवून घेतले आणि बापूंना घेऊन एसटीकडं पळालो.

व्हिडिओ पोचला. मॅडमनी एवढंच विचारलं, मधे ओरडणारे गृहस्थ कोण, त्यांचाही दावा आहे का? बापू म्हणाले, “विचारून बघायला काय हरकत आहे?” अण्णांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

त्यानंतर काहीच आलं नाही. गणपती गेले. मॅडमचा फोन लागेना. दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि त्या आता इथं नाहीत असं सांगितलं. नवरात्र गेलं. शेवंताबाईंचा दर बाजाराच्या दिवशी फोन यायचा, “आलं का रं?” आणि मी अजून नाही म्हणायचो. त्या बरं म्हणून ठेवायच्या. एकदा म्हणाल्या, “घाई न्हाय, पर उशीर लावू नका.” त्या दिवशी मी कंपनीला सलग मेल पाठवत राहिलो. संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी याच प्रकरणाबद्दल लिहायला घेतलं खरं, पण शेवट काय लिहायचा ते मला माहीत नव्हतं.

काल दुपारी कॉलेजच्या लायब्ररीत हे पान लिहीत बसलो होतो. फोन थरथरला. शेवंताबाईंचा नंबर. मी बाहेर व्हरांड्यात पळालो. पण आवाज इंदूबाईंचा होता.

“अध्यक्ष, रेडिओवर लागलं. आत्ताच.”

“नाव?”

“घेतलं की! बाईनं लई साफ घेतलं. आडनावासकट.”

“शेवंतामावशी कुठं आहेत? त्यांना द्या फोन.”

“ती बोलायच्या लायकीची न्हाय आता. पदर तोंडाला लावून बसलीया.”

“रडतायत?”

“रडतीया कशाची, हसतीया. दोनदा मला इचारलं, तू बी तेच ऐकलंस न्हवं? म्हटलं, व्हय बाई, तेच.”

“आणि तुमचं नाव, मावशी?”

“माजं बी घेतलं. तिच्या मागनं.”

मला परड्यातलं ते अंगठ्यांचं आठवलं. मी घाईघाईनं म्हणालो, “मावशी, तुमची हरकत असेल तर मी कंपनीला लगेच कळवतो. क्रम बदलून...”

“कशाला?” इंदूबाई म्हणाल्या. “तिनं टाकल्याबिगर मी झेलनार काय?”